‘घराबाहेर पडू नका’ सांगितलं, पण ज्येष्ठ घरातच पडले: कोरोनाकाळात नेमकं काय झालं?

२४ मार्च २०२०च्या रात्री देशभर लॉकडाऊन जाहीर झाला आणि त्यानंतर एक वाक्य सतत कानावर येत राहिलं: ‘घराबाहेर पडू नका.’ टीव्ही लावला तरी तेच, कुणाला फोन लावला तरी तेच. १ मे २०२०च्या केंद्र सरकारच्या आदेशात तर वयच लिहून दिलं होतं. ६५ वर्षांवरच्या व्यक्तींनी अत्यावश्यक गरज आणि उपचार वगळता घरातच राहावं, असा तो आदेश होता.

मराठीत ‘पडणं’ दोन अर्थांनी चालतं. उंबरठा ओलांडून बाहेर पडणं आणि तोल जाऊन पडणं. कोरोनाकाळात पहिलं पडणं थांबवण्यात सगळी यंत्रणा गुंतली होती. दुसऱ्या पडण्याचा हिशोब रोज संध्याकाळी येणाऱ्या आकड्यांत कुठेच नव्हता.

घरात थांबण्याचा सल्ला चुकीचा होता असं नाही. वय वाढेल तसा कोरोनाने मृत्यू होण्याचा धोका वाढतो, हे सुरुवातीच्या काही महिन्यांतच स्पष्ट झालं होतं. पण म्हातारपणी महिनोन्महिने घरात बसून राहण्याचीही एक किंमत असते. ती कोणती, ती कोणी मोजली आणि बदनापूरसारख्या तालुक्याच्या गावी तिचं रूप कसं असतं, ते समजून घेऊ.

पडण्याचा एवढा बाऊ कशाला?

‘वय झालं, पडायचंच’ असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोक पडल्यामुळे मरतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो. यातले ८० टक्क्यांहून जास्त मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात आणि त्यात साठीपुढच्यांचा वाटा सर्वात मोठा असतो.

भारतात २०१७-१८ मध्ये ‘लासी’ नावाचं मोठं सर्वेक्षण झालं. त्यात देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या लोकांच्या तब्येतीची, उत्पन्नाची आणि घरच्या परिस्थितीची माहिती घेतली गेली. साठी ओलांडलेल्या साधारण आठपैकी एकाने ‘गेल्या दोन वर्षांत पडलो होतो’ असं सांगितलं. हे कोरोनाच्या आधीचं चित्र आहे.

सर्वात घातक असतं खुब्याचं हाड मोडणं. पडलेला माणूस अंथरुणाला खिळतो, मग छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात किंवा पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. खुबा मोडलेल्या ज्येष्ठांपैकी पाचातला एक किंवा त्याहून जास्त जण वर्षभरात दगावतात, असं वेगवेगळ्या देशांतले अभ्यास सांगतात. गावात अशा मृत्यूचं कारण ‘म्हातारपण’ असं सांगितलं जातं आणि न्हाणीत पाय घसरल्याची गोष्ट मागे पडते.

लॉकडाऊनमध्ये अपघात घटले, खुबे मोडायचे थांबले नाहीत

२०२० मध्ये युरोपातल्या अनेक रुग्णालयांतून एक सारखीच गोष्ट समोर आली. रस्ते ओस पडल्यामुळे वाहनांचे अपघात कमी झाले. मैदानं बंद होती, त्यामुळे खेळताना हात-पाय मोडून येणारेही घटले. ज्येष्ठांच्या मोडलेल्या खुब्यांची संख्या मात्र फारशी हलली नाही. कारण साधं आहे. खुबा बहुतेक वेळा घरातच मोडतो आणि घर तर चालूच होतं.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये ५० ते ८० वर्षांच्या दोन हजारांवर लोकांना प्रश्न विचारले. महासाथ सुरू झाल्यापासून आपली शारीरिक हालचाल कमी झाल्याचं ३७ टक्के लोकांनी सांगितलं. २७ टक्क्यांना शरीराची ताकद घटल्याचं जाणवत होतं. आणि या दहा महिन्यांत एकदा तरी पडलेले होते २५ टक्के, म्हणजे चारातला एक.

अमेरिकेचा आकडा जसाच्या तसा जालना जिल्ह्याला लावता येणार नाही. तिथली घरं वेगळी, माणसांची कामं वेगळी. पण हालचाल बंद झाली की ताकद जाते आणि ताकद गेली की तोल जातो, ही साखळी कुठल्याही देशातल्या शरीराला सारखीच लागू होते.

बदनापूरचा म्हातारा घरात बसला का?

बदनापूर जालन्यापासून सुमारे २० आणि छत्रपती संभाजीनगरपासून (तेव्हाचं औरंगाबाद) सुमारे ४० किलोमीटरवर आहे. तूर, कापूस, सोयाबीन आणि मोसंबीचा हा पट्टा. इथल्या कडधान्य संशोधन केंद्रात तयार झालेले तुरीचे वाण मराठवाडाभर पेरले जातात. अशा भागात ‘सगळे घरात बसले’ हे पूर्ण खरं नाही. शेतीची कामं लॉकडाऊनमध्येही चालू होती आणि सत्तरीचा शेतकरी जूनमध्ये पेरणीला शेतात होताच. त्याच्या पायांना टीव्हीवरच्या सूचनांनी फारसा फरक पडला नाही.

फरक पडला तो शेत आधीच सुटलेल्यांना. गुडघे गेले, डोळे मंदावले, शेती मुलाकडे गेली, अशा माणसाचं दिवसभराचं चालणं म्हणजे सकाळी देवळापर्यंत, संध्याकाळी पारापर्यंत आणि आठवड्यातून एकदा बाजारात. व्यायाम म्हणून तो हे करत नव्हता, पण त्याच्या पायांसाठी तोच व्यायाम होता. महाराष्ट्रातली मंदिरं मार्च २०२० मध्ये बंद झाली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली ती थेट ७ ऑक्टोबर २०२१ला, घटस्थापनेला उघडली. सोमठाण्याच्या गडावर रेणुकामातेच्या दर्शनाला चढणाऱ्यांची पायरीही या काळात सुटली.

वारीचंही तेच. २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षं नेहमीसारखी पायी वारी झाली नाही. पैठणच्या एकनाथ महाराजांसह मानाच्या पालख्यांच्या पादुका एसटीने पंढरपूरला नेल्या गेल्या. पासष्टीचा वारकरी दरवर्षी शेकडो किलोमीटर चालायचा आणि त्यासाठी आधीपासून पायांना सवय लावायचा. दोन वर्षांच्या खंडानंतर तो सदुसष्टचा झाला होता. त्या वयात दोन वर्षं म्हणजे थोडीथोडकी नव्हेत.

बायकांचं गणित आणखी वेगळं होतं. शहरातून मुलं-सुना-नातवंडं गावी परतली, तशी कित्येक घरांत साठीपुढच्या बाईची कामं वाढली. मात्र ती सगळी ओट्यापासून मोरीपर्यंतची, वाकून किंवा बसून करायची. मोकळं चालणं त्यात कुठेच नव्हतं.

दहा दिवसांत एक किलो

स्नायू किती वेगाने जातात, यावर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास डोळे उघडणारा आहे. संशोधकांनी निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं. आजार काही नव्हता. दहा दिवसांनी मोजलं तेव्हा फक्त पायांतलं सुमारे एक किलो मांस झडलेलं होतं.

लॉकडाऊनमध्ये कुणी २४ तास झोपून नव्हतं, त्यामुळे झीज एवढ्या वेगाने झाली नसेल. पण तरुण माणूस महिनाभर बसून राहिला तर पुढच्या महिन्यात भरून काढतो. सत्तरीत गेलेलं मांस आपोआप परत येत नाही, ते मेहनतीने परत आणावं लागतं. ‘आता कोरोना गेला, फिरायला जा’ एवढं म्हणून भागत नाही ते यामुळे. अनेक घरांत २०२२ नंतर आई-वडील पडायला लागले आणि त्याचा संबंध आधीच्या दोन वर्षांशी कुणी जोडला नाही.

पडण्यात मांडीच्या पुढच्या स्नायूंची भूमिका मोठी असते. बाजेवरून उठताना, वट्ट्याची पायरी चढताना आणि विशेषतः भारतीय पद्धतीच्या संडासातून उठताना सगळा भार त्यांच्यावर येतो. ताकद कमी झाली की माणूस नळाला किंवा टॉवेलच्या दांडीला धरून उठतो. नळ आणि दांडी, दोन्ही त्या वजनासाठी बसवलेले नसतात.

मोतीबिंदू ‘पुढे ढकला’

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने लॉकडाऊनच्या सुरुवातीला ज्येष्ठांसाठी खास सूचना काढल्या होत्या. घरात हलका व्यायाम करा, औषधं चुकवू नका, अशा चांगल्या गोष्टी त्यात होत्या. सोबत आणखी एक सूचना होती: मोतीबिंदू किंवा गुडघेबदलासारख्या, तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकला. नेहमीच्या तपासणीसाठी दवाखान्यात जाणंही टाळा.

त्या दिवसांत हे गरजेचं होतं. पण मोतीबिंदू आणि पडणं यांचं नातं सरळ आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत सत्तरीपुढच्या बायकांचे दोन गट केले होते. एका गटाच्या पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लगेच झाली, दुसऱ्याला नेहमीप्रमाणे वाट पाहावी लागली. लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांचं पडण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी निघालं. म्हणजे ‘थांबलं तरी चालेल’ अशी शस्त्रक्रिया थांबते तेवढा काळ पायरीची कड धूसरच दिसत राहते.

जालना जिल्ह्याला ही गोष्ट जास्त लागू पडते, कारण जालन्याचं श्री गणपती नेत्रालय हे आसपासच्या जिल्ह्यांतल्याही रुग्णांचं ठिकाण आहे. गावोगावच्या शिबिरात तपासणी, मग गाडीने नेऊन शस्त्रक्रिया, ही मराठवाड्यात रुळलेली पद्धत. गर्दी आणि वाहतूक या दोन्हींवर बंदी आली की अशा पद्धतीचा पायाच निघून जातो.

डोळ्यांनंतर गोळ्या. रक्तदाबाची गोळी महिनोन्महिने त्याच डोसने चालू राहिली आणि दरम्यान माणसाचं जेवण किंवा वजन कमी झालं, तर उठताच चक्कर येऊ शकते. याला तपासणी आहे आणि ती फुकट आहे. झोपलेलं असताना आणि मग उभं राहिल्यावर एक ते तीन मिनिटांत रक्तदाब मोजायचा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टरांना सांगायचं. स्वतःहून गोळी बंद करायची नाही. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच आहे. काळजीने झोप उडाली म्हणून सुरू झालेली गोळी चालूच राहिली, तर रात्री लघवीला उठताना तोल जाण्याचं ते एक मोठं कारण ठरतं.

कोरोना होऊन गेला त्यांचं काय?

काही ज्येष्ठांमध्ये कोरोनाची पहिली खूण ताप किंवा खोकला नव्हतीच. माणूस अचानक पडला किंवा बरळायला लागला आणि तपासणीत कोरोना निघाला, असं जगभरातल्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे. बरे झाल्यानंतरही थकवा आणि चक्कर अनेक महिने टिकली. ज्यांना स्टिरॉइड द्यावं लागलं, त्यांच्यातल्या काहींचा जीव त्यामुळे वाचला असेल. पण ते जास्त दिवस चाललं तर साखर वाढते, मांड्यांचे स्नायू कमजोर होतात, हाडं ठिसूळ होतात. काहींना घरी सोडताना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही होत्या. असा माणूस डोक्यावर पडला तर आत हळूहळू रक्त साचू शकतं आणि त्याची लक्षणं कधीकधी काही आठवड्यांनी दिसतात. पडल्यावर ‘टेंगूळ आलंय फक्त’ म्हणून विषय सोडू नये तो यासाठी.

पडल्यावर दवाखाना गाठायचा कसा?

बदनापूर तालुक्यातल्या माणसाचा खुबा मोडला तर जायचं जालन्याला किंवा संभाजीनगरला ‘घाटी’त, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात. तालुक्यातच वरुडीलाही वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. अंतर फार नाही. पण लॉकडाऊनमध्ये एसटी बंद होती. जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी २० ऑगस्ट २०२० पासून सुरू झाली. पुढे कर्मचाऱ्यांच्या संपामुळे २०२१च्या दिवाळीपासून एप्रिल २०२२ पर्यंत पुन्हा विस्कळीत झाली. १०८ची रुग्णवाहिका होती, मात्र कोरोनाचे रुग्णही तिच्यावरच होते.

अंतरापेक्षा मोठी अडचण होती भीती. ‘दवाखान्यात नेलं की कोरोना निघणार, मग भेटूही देणार नाहीत’ ही भीती पूर्णपणे निराधारही नव्हती. अशा वेळी लचक भरली असेल म्हणून तेल चोळलं जातं, हाडवैद्याकडून पट्टी बांधून घेतली जाते आणि आठवडा निघून जातो. खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांत व्हावी असं वैद्यकशास्त्र सांगतं.

पडून अंथरुणाला खिळलेल्यांची अडचण लसीकरणात पुन्हा समोर आली. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्या सर्वांना लस मिळू लागली, पण ती केंद्रावर जाऊन. ज्याला बाजेवरून उठता येत नाही त्याने काय करायचं? हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. मुंबईत अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन लस द्यायला २०२१च्या जुलैअखेर-ऑगस्टच्या सुरुवातीला सुरुवात झाली आणि केंद्राने अशा लसीकरणाची देशभरासाठी घोषणा केली ती सप्टेंबरमध्ये. कोरोनाचा सर्वात जास्त धोका ज्यांना होता, त्यांच्यातले काही जण सर्वात शेवटी लसीपर्यंत पोहोचले.

आता घरच्यांनी काय बघायचं?

एक सोपी चाचणी आहे. हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आई किंवा वडिलांना त्यावर बसवून हात छातीशी घडी घालायला सांगा आणि ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा जमतं ते मोजा. ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी आणि बाईला १० पेक्षा कमी वेळा जमलं, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचे निकष सांगतात. चाचणी करताना कुणीतरी शेजारी उभं राहावं, नाहीतर तपासतानाच पडायचे.

आकडा कमी आला म्हणून घाबरण्याचं कारण नाही, कारण यावर उपाय आहे आणि तो तपासून पाहिलेला आहे. २०१९ मध्ये १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यांत २३ हजारांवर लोक होते. व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटलं. पण कुठला व्यायाम? तोल आणि ताकद वाढवणारा. खुर्चीतून उठ-बस, ओट्याला धरून टाचा उचलणं, भिंतीजवळ एका पायावर काही सेकंद उभं राहणं, एका रेषेत पावलासमोर पाऊल टाकत चालणं. नुसत्या फेरफटक्याने तेवढा फायदा होतो हे सिद्ध झालेलं नाही. फेरफटका चांगलाच, पण सोबत हेही हवं.

‘ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या की पडणं थांबतं’ असा एक समज पसरलेला आहे. शरीरात कमतरता असेल तर गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीच. पण कमतरता नसताना सगळ्या ज्येष्ठांना ती दिल्याने पडणं कमी होत नाही, असं अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये सांगितलं आहे.

घरात बघायच्या जागा फार नाहीत. न्हाणीतली शेवाळलेली शहाबादी फरशी घासून घ्या. संडास आणि न्हाणीत गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पाइप भिंतीत नीट गाडून घ्या. बाजेपासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्री छोटा दिवा राहू द्या आणि वीज जाते हे लक्षात घेऊन उशाशी बॅटरी ठेवा. तळ घासून गुळगुळीत झालेली रबरी चप्पल टाकून द्या. ही शेवटची गोष्ट सर्वात स्वस्त आणि करून घ्यायला सर्वात अवघड, कारण ‘अजून चांगली आहे’ हे उत्तर ठरलेलं असतं.

काठी, वॉकर, कमोड खुर्ची किंवा चष्म्यासाठी राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना एकदाच ३ हजार रुपये मिळण्याची त्यात तरतूद आहे. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ ही आहे.

आणि तरीही कुणी पडलंच तर? लगेच हाताला धरून ओढून उठवू नका. आधी विचारा, कुठे दुखतंय. एक पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं असेल, जांघेत कळ येत असेल किंवा पायावर भार देता येत नसेल, तर खुबा मोडलेला असू शकतो. काही वेळा खुबा मोडूनही माणूस चार पावलं चालतो, त्यामुळे ‘चालले की ते’ यावर जाऊ नका. चोळायचं नाही, पाय ओढून सरळ करायचा नाही. हलवायचं तर सपाट फळीवर, आणि १०८ला फोन. खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हाडांच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. मे २०२० मध्ये, कोरोनाकाळातच, ही योजना राज्यातल्या सर्व नागरिकांसाठी खुली करण्याची घोषणा झाली. ती करणारे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे जालना जिल्ह्यातलेच. जाताना रेशनकार्ड आणि आधार कार्ड सोबत घ्या, योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. कुठलं रुग्णालय योजनेत आहे हे १५५३८८ या टोल फ्री क्रमांकावर विचारता येतं.

शस्त्रक्रियेनंतर बहुतेक रुग्णांना दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं केलं जातं. ‘एवढं मोठं ऑपरेशन झालंय, झोपू द्या त्यांना’ असं नातेवाईक म्हणतात, पण तिथे डॉक्टरांचं ऐकायचं.